सुम्निरू

“सुम्निरू, सुम्निरू,” म्हणत सुमित्राबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पोर बोलता बोलता थांबली.

“इथंच चुकलं, सिस्टर,” मागून डॉक्टर अलका म्हणाल्या. “तुम्ही तिला गप केलंत.”

सुमित्राबाईंचा चेहरा पडला. म्हैसूरच्या या दवाखान्यात, अपघात विभागात, त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कडकोळच्या कारखान्यांतून चेंगरलेली बोटं घेऊन येणारे दांडगे गडीसुद्धा याच शब्दानं शांत व्हायचे. कानडीत त्याचा अर्थ ‘गप राहा’ असाच. पण सुमित्राबाईंच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात शिवणकाम करणाऱ्या मराठी घरी, रडणाऱ्या लेकराला छातीशी धरूनही हेच म्हणत.

“अय्यो, मी मायेनं म्हटलं, अल्वा? मायेनंच ना?”

“माया कळली. पण ज्यानं त्रास दिला, तोही तिला हेच म्हणाला असेल.”

अत्याचार सोसलेली बाई कधी कधी पहिल्यांदा तोंड उघडते ती नर्सपाशीच. तेव्हा काय बोलावं आणि काय गिळावं, हे शिकवायला मूळच्या पुण्याच्या अलका गावातल्याच विजयनगर भागातून येत. आजच्या सरावात सोसलेल्या बाईचं काम लॅबमधल्या कीर्तनाला दिलं होतं. सोंगाचं नाव नागरत्ना. गल्लीतल्या ओळखीच्या माणसानं अंगावर हात टाकला, एवढीच गोष्ट तिला सांगून ठेवली होती. नर्सनं बोलणं तोडलं की गप बसायचं, हेही.

कीर्तना गप बसली ती बसलीच. बाकीच्या नर्सनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं काम झकास केलं, असं म्हणत सगळ्या चहाला पळाल्या. चहा म्हटल्यावर आमच्याकडे कोण थांबतंय!

“कीर्तना, संपलं गं. चल,” अलका म्हणाल्या. पोरीनं मान वळवली नाही. “भूमिकेत पार शिरलीय,” असं हसून त्याही गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. कीर्तनानं ओढणीचं टोक मघाशी जिथं धरलं होतं तिथंच अजून धरलं होतं. सुमित्राबाईंनी दोनदा हाक मारली. पापणीही हलली नाही. मढ्यांना कधी न भ्यालेल्या त्या बाईला आता भीती वाटली. का कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघालं, “नागरत्ना?”

“काय, सिस्टर?”

लगेच. जणू ती या हाकेचीच वाट पाहत होती.

“तू... तू सांगत होतीस.”

“भावजी जेवायला बसले की मीच वाढायचं. अक्का ड्युटीवर असली की दाराला कडी लावतात.”

सांगून ठेवलेल्या गोष्टीत भावजी नव्हते. अक्काही नव्हती. कीर्तना मात्र कुवेंपुनगरात थोरल्या बहीण-भावजींकडे राहत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो शब्द पुन्हा सुमित्राबाईंच्या ओठांवर आला. त्यांनी तो दातांखाली दाबला, हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिल्या. पोर सगळं सांगत गेली, हळू, एका सुरात, शेजारणीचं दुखणं सांगावं तसं.

“माझा तुझ्यावर विश्वास आहे,” ती थांबल्यावर सुमित्राबाई म्हणाल्या. “चूक तुझी नव्हे. आता तुला काय हवं ते सांग. तपासणी, पोलिस, काहीही. नको असलं तरी चालेल.”

“कीर्तनाला सांगू नका.”

“अगं, पण...”

“ती त्याच घरात राहते, सिस्टर. तिला कळलं तर ती संध्याकाळी जाणार कुठं?”

सुमित्राबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पण घाई करायची नाही, एवढं आज त्या शिकल्या होत्या.

“बरं. नाही सांगत. नागरत्ना आज कुठं राहणार?”

“तुमच्याकडं जागा आहे?”

“आहे की. मी आणि शिवणमशीन, दोघीच असतो. उद्याचं उद्या बघू, तू म्हणशील तसं.”

दोघी बाहेर पडल्या. व्हरांड्यात अलका चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, “कीर्तना, उद्याही तूच हं!”

ही हाक आपल्यामागं कुणाला, ते पोरीनं वळून पाहिलं.