आगीचं कारण

मी माहा निबंध टाइप करून राह्यलो होतो, तेवढ्यात नानाजी गार्ड आला. जंगलातल्या आगीचा रिपोर्ट त्याले टाइप करून पाहिजे होता. गावात टाइपाची मशीन माह्याच घरी. शिकलोही घरीच, पुस्तक पाहून.

रिपोर्टात एकच जागा कोरी होती. आगीचे कारण.

त्यानं माहा कागद उचलला. मी बाहेरून बी.ए. करून राह्यलो, पेपरात असे निबंध येतात. "जंगलातील आगी : कारणे व परिणाम." कारणं आलापल्लीहून आणलेल्या गाईडातून उतरवली होती. पह्यलंच कारण, मोहफुलं वेचणाऱ्या बाया झाडाखाली पाला जाळतात. वरून म्या जोडलं, "उदाहरणार्थ, आमचे गाव." मार्क भेटतात म्हणून.

"बढिया लिवलं बे," गार्ड म्हणे. "नाल्यावरचे मोह कोन वेचते? बुधरीबाईच ना?"

त्याले मालूम होतं. बुधरीबाई, आमच्या शेजारची म्हातारी. केस झाली तं तिचं मोह वेचणंच बंद.

दारात पाहतो तं तीच उभी.

"माहं नाव काऊन निंघून राह्यलं इथी?"

गाईडवाल्यानं बुधरीबाईले कधी पाह्यलंच नाई. ती पाला जाळते, पण आधी चारी बाजूनं झाडून घेते, अन् आग इझेपर्यंत हिरवा डहाळा घेऊन उभी राह्यते. हे मले मालूम होतं. तरी लिवलं.

"नानाजी भाऊ, आग कधी लागली?"

"शिवरात्रीले. रिपोर्टात लिवलं ना."

"अन् बाई, तुमी पाला कधी जाळला?"

"होळी झाल्यावर. मोह टपकाच्या आधी जाळून का करू? अन् मले काय पुसतं, याले पूस," तिनं गार्डाकडं हात केला, "माह्या पाल्याच्या आगीवरच यानं बिडी पेटवली!"

गार्ड खाली पाहाले लागला.

"मंग भाऊ, परिणाम आधी अन् कारण मंग, असं कसं लिवाचं?"

"जास्त शायना नको बनू. लिव, कारण समजले नाही."

म्या लिवलं. तो सही ठोकून गेला. बुधरीबाई मात्र हालली नाई.

"तुह्या कागदात माहं नाव हाय?"

"नाई."

"गावाचं?"

"...हाय."

तिनं हात पुढं केला. म्या निबंध देल्ला. तिनं रिपोर्टाची कार्बन कॉपीही उचलली.

"बाई, वाचून दाखवू का?"

"तू नोको. मास्तर वाचून दाखवतीन."

दोन्ही कागद लुगड्यात खोचून ती शाळेकडं निंघाली. म्या नवा कागद चढवला. पह्यलं कारण काय लिवावं, सुचूनच नाई राह्यलं.