सासूबाईंच्या कपाटातली फाइल

लाँड्रीत धाकटीचे काम चिठ्ठ्या लावण्याचे. आलेला कपडा उलगडायचा, डाग नि फाटके पाहायचे, नंबराची चिठ्ठी टाचायची. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते की, कपडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चिठ्ठी टाचायची नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले तरी. सहा वर्षांत धाकटीच्या हातून एकाचा कोट दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता. त्या शनिवारी मात्र दुपारपर्यंत तिने तीन चिठ्ठ्या चुकवल्या.

"आज लक्ष कुठे आहे तुझं?" मालकीणबाईंनी विचारले.

"दवाखान्यात," ती म्हणाली.

धाकटी सून म्हणून त्या घरात येऊन तिला पाच वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. मंगळवारी तिच्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया होणार होती, आणि आज संध्याकाळी संमतीच्या कागदावर सही करायची होती. त्या कागदात काय लिहिले आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

त्या घरची रीतच तशी होती. सुनेची फाइल सासूच्या कपाटात, चादरींच्या घडीखाली. डॉक्टरांशी बोलायचे सासूबाईंनी. सून बाहेर बाकावर, तपासणीपुरती आत. सासूबाईंना त्यांच्या सासूनेही असेच बाकावर बसवले होते. बाकावर बसलेलीच पुढे कपाटाची किल्ली कमरेला लावते आणि स्वतःचे बाक विसरते, हे आपल्या घराघरांतले जुनेच दुखणे. जिचे पोट, तिलाच पोटातले ठाऊक नाही.

धाकटीच्या कानावर पडत ते सुटे शब्द. ‘प्रायमरी इनफर्टिलिटी’ ऐकल्यापासून ती मनात पायऱ्या मोजत होती. ही पहिली, म्हणजे दुसरी आणि तिसरीही असणार, आणि शेवटच्या पायरीवर माणूस मरत असणार. मंगळवारच्या शस्त्रक्रियेचे ‘लॅप्रोस्कोपी’ हे नाव घरात निघाले की ती कामाचे निमित्त काढून उठून जाई. त्यात थोरली जाऊ एकदा सहज म्हणून गेली होती, "बेशुद्ध केल्यावर आतलं काय काय काढतात, आपल्याला थोडंच कळतं." घरात विचारायची सोय नव्हती. विचारले की उत्तर ठरलेले: "दोष तुझ्यात आहे, तो काढायला डॉक्टर बसलेत ना?"

त्या दिवशी सासूबाईंचा गुडघा सुजला आणि दवाखान्याची लिफ्ट बंद होती. धाकटा मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि आईला तीन जिने चढवेनात! शेवटी नाइलाजाने त्यांनी फाइल पिशवीत घालून धाकटीच्या हाती दिली.

"उघडू नकोस. कागद खालीवर झाले की डॉक्टर ओरडतात. सही कर आणि सरळ घरी ये."

दवाखान्यात निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, पेन्सिल कानावर. त्यांनी कागद पुढे केला.

"वाचलंत?"

"मला यातलं काही कळत नाही."

"बसा मग. न कळता सही करायची नसते."

त्यांनी फाइल उघडली. पाच वर्षांत पहिल्यांदा धाकटीने स्वतःचे कागद पाहिले. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, कधीही उठून पळता येईल अशी.

"हे प्रायमरी... ही किती पुढे जाते?"

"काय पुढे जाते? अहो, आधी कधीच दिवस राहिले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. एकदा जरी राहिले असते तर सेकंडरी लिहिलं असतं. तो काही आजार नाही." सिस्टरनी कडेला पेन्सिलीने मराठीत तसे लिहिले. "हे एएमएच. बीजांडांचा साठा किती आहे, त्याचा अंदाज. तुमचा चांगला आहे. ही एचएसजी. पोटात औषध सोडून एक्स-रे काढला होता ना?"

"हो. खूप दुखलं होतं."

"दुखतं काहींना. दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत तुमच्या. आणि या सोनोग्राफीत फॉलिकल म्हटलंय, म्हणजे बीजांडाची पिशवी. ती वेळेवर वाढते आणि वेळेवर फुटते. सगळं ठीक आहे."

"सगळं?"

"सगळं."

धाकटीला रडू आले नाही, नुसती भीती वाटली. एवढी वर्षे आपण ज्या दोषाची शिक्षा भोगली तो दोषच नसेल, तर मग नेमके काय चालले होते?

"मग हे ऑपरेशन कशाला? गर्भपिशवी काढतात का त्यात?"

"तुमच्या संमतीशिवाय नखही काढत नाहीत. भूल देऊन बेंबीपाशी छोटं छिद्र करतात आणि दुर्बिणीने आत बघतात. इथे बघा, अनएक्स्प्लेन्ड लिहिलंय. कारण सापडलं नाही. तुमचे रिपोर्ट चांगले, मिस्टरांचा चांगला, म्हणून आता आत बघायचं."

शेवटचा कागद नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा होता. संख्या भरपूर, हालचाल उत्तम, सिस्टर सांगत होत्या. धाकटीची नजर मात्र सवयीने वर गेली, जिथे कपड्याला चिठ्ठी असते तिथे. नाव नवऱ्याचे होते. तपासणीची तारीख गेल्या वर्षीची. वय: ४१.

तिचा नवरा तेहतीस वर्षांचा होता. गेल्या वर्षी एक्केचाळीस वर्षांचा असलेला त्या घरात एकच पुरुष होता. तिचे मोठे दीर.

"सिस्टर, आज सही नाही करत मी," ती म्हणाली. फाइल तिने पिशवीत ठेवली नाही, छातीशी धरली.

घरी पोहोचली तेव्हा सासूबाई गुडघा शेकत होत्या, जाऊ भाजी चिरत होती आणि नवरा नुकताच कामावरून आला होता. धाकटीने कागद टेबलावर ठेवला. तो तिने दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हे वय कुणाचं आहे?"

जाऊची सुरी थांबली. नवऱ्याने मान खाली घातली.

"फाइल उघडलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"उघडली. वय कुणाचं आहे, आई?"

सासूबाईंनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "अगं, हा दोनदा लॅबमध्ये गेला आणि तसाच परत आला. लाजला. मग थोरल्याला पाठवला, याच्या नावावर. वय विचारल्यावर त्याने सवयीने स्वतःचं सांगितलं असेल. त्यात काय एवढं? एका आईची लेकरं आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते ना?"

यात कपट नव्हते, हीच भयंकर गोष्ट. ती माउली खरेच तसे मानत होती. दोन मुलांचा बाप झालेला थोरला, त्याचा रिपोर्ट म्हणजे घराण्याचा रिपोर्ट.

"आमच्याकडे सख्ख्या भावांचे शर्ट येतात धुवायला," धाकटी म्हणाली. "एकाचा डाग बघून मी दुसऱ्याच्या शर्टाला चिठ्ठी लावली, तर मालकीणबाई मला दारात उभी करणार नाहीत. आणि इथे तर मंगळवारी माझं पोट उघडणार होतात."

"आणि याच्यात काही निघालं तर? लोकांत तोंड कसं दाखवायचं याने?"

"मी पाच वर्षं दाखवतेच आहे."

मग नवरा बोलला, फार हळू. "मला भीती वाटली गं."

खरे होते ते. चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहणारा गडी, पण लॅबमधल्या नमुन्याच्या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या डबीला घाबरला. त्याच्या भीतीपायी सुया मात्र बायकोने टोचून घेतल्या.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "आत्ताही वाटतेय. पण सोमवारी आठ वाजता लॅब उघडते, मी तिथे जाऊन बसते. तुम्ही आलात तर काय निघेल ते दोघं मिळून बघू. नाही आलात तर मंगळवारची सही नाही, आणि नंतरचीही नाही. आणि आई, फाइल आता माझ्याकडे राहील."

सासूबाईंनी थोरल्या सुनेकडे पाहिले, आधाराला.

"बरोबर बोलतेय ती," जाऊ म्हणाली. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. वर तिलाच घाबरवलं." आणि ती पुन्हा भाजी चिरू लागली.

सोमवारी धाकटी पावणेआठलाच लॅबच्या बाकावर होती. आठ वाजले. सव्वाआठ झाले. काय निघेल याची भीती होती, आणि कोणी आलेच नाही तर याची त्याहून मोठी. तो आला नाही तर आपण खरेच ठाम राहू का, हे तिने स्वतःला दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा फाइल घट्ट धरली.

आठ वीसला तो दारात दिसला. तिच्याकडे न पाहता सरळ काउंटरपाशी गेला. तिथल्या बाईंनी नाव विचारले, त्याने सांगितले.

"वय?"

त्याने वळून बायकोकडे पाहिले.

"तेहतीस," तो म्हणाला.

बाईंनी लिहिले आणि नमुन्याची डबी काउंटरवर ठेवली. धाकटी उठली, काउंटरवर वाकून तो आकडा तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, आणि मगच डबी त्याच्या हातात दिली.