हरसूलहून आलेला होकार

वाचनालयाच्या दारातच पाटी होती. छायामॅडमनी स्वतःच्या सुबक अक्षरात खडूनं लिहिलेली : ‘बाहेरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दाराजवळच्या बाकावर बसावे.’ आणि दाराजवळचा बाक म्हणजे चपलांच्या शेजारचा. असा एखादा बाक आपल्या प्रत्येकाच्या कचेरीत असतो, नाही का? कधी आपण त्यावर बसलेलो असतो, कधी कुणाला बसवलेलं असतं.

छायामॅडम वाईट नव्हत्या. नाशिकच्या त्या मोठ्या कॉलेजात वाचनालय आणि संगणक दोन्ही त्यांच्याकडे होतं. खुर्च्या बत्तीस, मुलं तीनशे. त्यात त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, जिल्ह्यातल्या काही कॉलेजांनी मिळून ठरवलं, की आपल्या कॉलेजचं लॉगिन घेऊन मुलानं कुठल्याही कॉलेजात जावं आणि तिथलं वाय-फाय वापरावं. “आपल्याच मुलांना जागा नाही,” मॅडम म्हणायच्या, “आणि गावभरची पोरं आता इथं!”

हिवाळ्यातली दुपार कलली होती. चार वाजले होते. त्या बाकावर मोहिनी बसली होती. हरसूलच्या कॉलेजातली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची. मांडीवर कॉलेजनं सही घेऊन दिलेला लॅपटॉप, टॉवेलात गुंडाळून आणलेला. अकरा पाडे पायी फिरून तिनं नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बियाण्यांचा अभ्यास केला होता. कोणती बाई कोणतं बी कोणत्या मडक्यात राखते, ते सगळं लिहिलं होतं. त्यावर दोन महिन्यांच्या संशोधन-शिबिरासाठी अर्ज करायचा होता. मुदत आज पाचपर्यंत. अर्ज कॉलेजच्या नेटवरच उघडायचा, सायबर कॅफेत नाही. हरसूलला बारा ते सहा लोडशेडिंग, आणि अर्ज लिहून होईतो बारा वाजून गेले, म्हणून ती मिळेल त्या जीपनं घाट ओलांडून आली होती.

तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ तिनं केला. तीनदा केला.

“मॅडम, जरा बघता का?”

“पासवर्ड विसरलीस?”

“नाही हो मॅडम.”

छायामॅडमनी पडदा पाहिला. “अगं, पासवर्ड आम्ही नाही तपासत. आमचं मशीन तुमच्या कॉलेजला विचारतं, ही मुलगी तुमचीच ना? तिकडनं हो आलं की आम्ही दार उघडतो. तिकडनं उत्तरच येत नाहीये. बंद असणार तुमचं मशीन.”

मोहिनीचा चेहरा उतरला. “तिकडं लाइट नाही, मॅडम.”

अंधार चुकवायला पोर एवढा घाट ओलांडून आली होती. आणि तिची ओळख सांगणारं यंत्र मात्र मागे अंधारातच राहिलं होतं.

पुढच्या टेबलावरून साई उठून आला. याच कॉलेजचा, मनानं मोकळा. “माझं लॉगिन घे की. आम्ही सगळे एकमेकांचं वापरतो.”

“पण अर्जात कॉलेजचं नाव लॉगिनवरून आपोआप येतं. तुमच्या कॉलेजचं येईल.”

“मग उलट चांगलंच ना! हरसूल वाचून कोण निवडणार तुला? राग मानू नको, खरं ते सांगतोय.”

घड्याळात चार वीस. मोहिनीनं छायामॅडमकडे पाहिलं. “मी काही पाहिलं नाही हं,” म्हणत मॅडमनी तोंड फिरवलं. साईनं कागदावर पासवर्ड लिहिला. तिनं तो घ्यायला हात पुढे केला.

“थांब, पोरी.”

वर्तमानपत्रांच्या घड्या घालत असलेल्या वत्सलाबाई बोलल्या. वाचनालयात पुस्तकं लावणाऱ्या, मुलांना पाणी देणाऱ्या. मघाशी मोहिनीला पाणी देताना त्यांनी अकरा पाड्यांची सगळी गोष्ट ऐकून घेतली होती.

“साईदादा, मन चांगलं हाय तुझं. पण उद्या तुझ्या नावानं कुणी वेडंवाकडं केलं, तर जाब कुणाला इचारतील?”

“एका अर्जानं काय होतं, मावशी?”

“काय होतं? अकरा पाड्यांच्या बायांनी हिला पाटावर बसवून बी दाखवलं. हरसूलची पोर म्हणून दाखवलं ना? आता हरसूल पुसायचं आन् तुमचं लिहायचं व्हय?” मग त्या मॅडमकडे वळल्या. “आन् मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. हिच्या घराला झोप लागली आसंल, तर हाक मारून उठवायचं का तोंड फिरवायचं? आम्ही दळताना म्हणायचो,

वाटंच्या वाटसरा, काय पुसशी माझं गाव
डोंगराच्या आडोशाला दिवा जळे, तिथं नाव.

दिवा इझला आसंल तर लावता येतो की वो!”

छायामॅडमचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी फोन पुढे ओढला. “नंबर सांग तुमच्या कॉलेजचा.”

मॅडमनी फोनचा स्पीकर लावला. पलीकडे कॉलेजचे शिपाई बारकू होते. मॅडमनी मोहिनीची अडचण सांगितली.

“लाइट नाय, मॅडम. इन्व्हर्टर हाय, पर बॅटरी बसली दुपारीच. संगणकाचे यादवसर तालुक्याला गेलेत. कोण, आमची मोहिनी अडकली व्हय? कवापातुर पायजे?”

“पाचच्या आत.”

“फोन ठिवू नका!”

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग नुसता बाजाराचा गलका. हरसूलचा आठवडी बाजार होता. दूरवर बारकूंची आरोळी, “दिनेशभाऊ, गाडी बंद कर! जीपची बॅटरी काढ!” जीपवाल्या दिनेशचा वैतागलेला आवाज, “येडा झाला का? शिटा भरल्यात!” आणि मग एका बाईचा, खणखणीत, “आरं दे की! आमी उतरतो. नागली इचारत आल्ती ती पोर ना? होऊ दे तिचं काम!”

साईनं पासवर्डचा कागद हळूच चुरगाळून खिशात घातला.

चार चाळीस. चार पंचेचाळीस. छायामॅडमनी मोहिनीला हाताला धरून आपल्या खुर्चीत आणून बसवलं. “इथं रेंज चांगली येते,” एवढंच म्हणाल्या.

चार एकोणपन्नास. “जोडली बॅटरी, टाका आता!” फोनमधून धापा टाकत बारकू ओरडले.

मोहिनीनं नाव टाकलं. चाक फिरलं, थांबलं... आणि दार उघडलं! डोंगरापलीकडून होकार आला होता : हो, आमचीच आहे! अर्ज समोर आला. कॉलेजच्या रकान्यात आपोआप अक्षरं उमटली. हरसूल. चार सत्तावन्नला अर्ज गेला, आणि ज्या वाचनालयात खोकायचीही चोरी, तिथं चक्क टाळ्या वाजल्या!

“मॅडम,” फोन अजून चालूच होता, “बॅटरी काढू का आता? बाया उन्हात उभ्यात.”

“काढा, बारकूदादा.” छायामॅडमचा आवाज ओला झाला होता. “आणि त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. नाशिकहून.”

वत्सलाबाईंनी फडकं पुढे केलं. “पाटी पुसू, मॅडम?”

“नको. मी लिहिली, मीच पुसते.”

पुढे मोहिनीची निवड झाली. पण वाचकहो, खरं जिंकणं त्याआधीच, त्या दिवशी वाचनालयात झालं होतं. आपलं नाव सहज कुणाला देऊ नये, दुसऱ्याचं पांघरू नये. आणि आपलं घर आडवाटेला आहे म्हणून ते लपवू तर कधीच नये. त्याला हाक मारावी, ते धावून येतं. आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाती दाराची किल्ली आहे, त्यांनी दारात आलेल्याला चपलांजवळ बसवण्याआधी एवढं मनात आणावं, की हे माणूस एकटं आलेलं नाही. याच्यासाठी भरलेल्या गाडीतून उतरून उन्हात उभी राहणारी माणसं कुठंतरी आहेत.