शाल्विनच्या पाच ओळी

मला शाल्विनचा राग येतो, आणि एरवी त्याला कारण लागत नाही. या वेळी मात्र होतं. फिजीत, आमच्या सुवाच्या भरती-ओहोटीच्या ऑफिसात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. ती माझीच, असं मी धरून चालले होते, आणि मध्येच हा कालचा पोरगा टपकला.

बेटांवरची यंत्रं पाण्याची पातळी अक्षरांत पाठवतात. उपग्रहाचा खर्च वाचावा म्हणून मजकूर दाबून येतो: 'म' सात वेळा आला तर नुसतं 'म७'. तो उलगडणारा प्रोग्राम माझा. लांबलचक, पण कधी न अडलेला. मंगळवारी शाल्विनने तोच पाच ओळींत लिहून आणला. अक्षर-आकड्याची पहिली जोडी घ्यायची, अक्षर तितक्या वेळा लिहायचं, उरलेला मजकूर पुन्हा त्याच फंक्शनच्या हवाली करायचा; मजकूर संपला की थांबायचं. रिकर्शन. आमच्या ऑफिसच्या मुख्य केलेरा मॅडमनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. "किती सुरेख!" म्हणाल्या. माझ्या प्रोग्रामला आजवर "चालतोय ना?" यापलीकडे काही म्हणाल्या नव्हत्या. माझा नुसता जळफळाट झाला. सुरेख होताच तो, हे जास्त झोंबलं.

त्यातली खोट मला तिथेच दिसली. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं आणि आधीचं प्रत्येक काम अर्धवट ठेवतं. समुद्र शांत असला तर जोड्या मोजक्याच. वादळात पातळी सारखी बदलते, जोड्यांचा ढीग होतो, आणि इतकी अर्धवट कामं मशीनला झेपत नाहीत. मी तोंड मिटून बसले. शुक्रवारी यांगोना, म्हणजे आमचं मुळ्यांचं पेय, प्यायला सगळे जमतात, मॅडम नव्या प्रमुखाचं नावही तेव्हाच जाहीर करणार होत्या. चार लोकांत त्याचं नाक कापायला तीच वेळ बरी.

शुक्रवारी सगळे चटईवर बसले. मॅडमनी पेला हातात घेतला, तसा मी लॅपटॉप पुढे सरकवला. "शाल्विन, हा जुन्या चक्रीवादळाचा मजकूर. तुझ्या त्या सुरेख ओळींना दे की जरा."

त्याने दिला. पडदा लाल अक्षरांनी भरला आणि प्रोग्राम बंद पडला.

"आडवा झाला की रे गडी!" ऑफिसातला टोमासी खिदळला.

वाटलं, आता शाल्विन ओशाळेल. कसलं काय! "ताई, भारी पकडलंत! मजकूर दर वेळी मधोमध तोडून दोन्ही अर्धे वेगळे दिले, तर एवढी थप्पी नाही साचणार. बरोबर ना?"

बरोबरच होतं. मेल्याला तेही लगेच सुचलं.

"वसिती, तुला हे कधी कळलं?" मॅडमनी विचारलं.

मी ताठ बसले. "मंगळवारीच! तुम्ही वाचून दाखवलात ना, तेव्हाच."

मॅडमनी पेला खाली ठेवला. "बुधवारी शाल्विनचा प्रोग्राम आपण लाउ बेटांवरच्या केंद्रात चढवला. तू समोर होतीस. वादळांचे दिवस आहेत, वसिती. तिथे याच आकड्यांवर माणसं गाव सोडून टेकडीवर जातात."

खरं सांगायचं तर लाउ माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, डोक्यात फक्त शाल्विनचं तोंड होतं. तोवर तो फोनवर लाउवाल्यांना सांगतही होता, "आधीचाच चढवा, वसितीताईंचा. तो पडत नाही."

मॅडमनी पेला भरला आणि प्रमुखाचा म्हणून पहिला शाल्विनपुढे धरला. तो एका दमात प्यायला. पिणाऱ्याचं झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी आमच्याकडे रीत आहे. मीही वाजवल्या.