डेझीच्या वाफ्यातले खड्डे

“हे सात खड्डे कायचे, बाबा?” तृप्तीने चप्पल न काढताच विचारलं.

तेजराम वाफ्याजवळ पाटावर बसले होते. “गड्डे काढले. तीन वर्स झाले का डेझीचा गड्डा मधातून मरते. फोडून वेगवेगळा लावा लागते.”

“मंग लावले कुठी?”

“लावले ना. तू भंडाऱ्याले वाचनालयात हायेस का पोलीस ठाण्यात?”

तृप्ती हसली नाही. आई, विमलाबाई, गेल्यापासून सानगडीच्या या अंगणात बाबांनी डेझीच जपली होती. मागणाऱ्याला ते फूल देत, मूळ कधीच नाही. नळयोजनेत नोकरी केलेला माणूस. कुणाला किती सोडायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

मग तिला तारेच्या कुंपणापलीकडे शेजारच्या कौशल्याबाईचं अंगण दिसलं. तेलाच्या कापलेल्या पिंपांत डेझीची नवी लावणी, माती अजून ओली. आणि पायरीवर बाबांचा जेवणाचा डबा, घासून पालथा घातलेला.

“कवा आली वो तृप्ती?” कौशल्याबाईने हाक दिली. “चाय प्याले ये.”

“घाई हाये.”

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली बाई. तृप्तीने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती, आणि तेच तिला जास्त खुपलं.

निघताना ती म्हणाली, “लोक पाहतेत, बाबा.”

“काय पाहतेत?”

“काही नाही.”

तेजरामांनी तारेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “पुढच्या रविवारी येशील?”

“पाहू.”

गुरुवारी सकाळी ते गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर तृप्ती तारेशी गेली. विचारल्याशिवाय तिला भंडाऱ्याला परतता येणार नव्हतं.

“बाबांनी गड्डे तुमच्याकडं कायले लावले?”

कौशल्याबाई पिंपांना पाणी घालत होती. पानं एका हाताने वर धरून, पाणी मुळाशी. “तेजरामभाऊले वाकलं का अंधारी येऊन राहिली होती. बादली उचलू नका म्हने डॉक्टर. माह्याकडं हापशी दारात. म्हनून म्हने, तू पाहून घे.”

“अन् डबा?”

“चुलीपुढं बसाचा जीव नव्हता तेचा. भाकर देत होती मी.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“पोरीले सांगू नको म्हने. नोकरी सोडून येऊन बसन.” ती दुसऱ्या पिंपाकडे सरकली. “त्या रविवारी तुह्या मनात काय आलं, ते समजलं मले. तेजरामभाऊले बी समजलं. सांजच्याले जेवले बी नाही.”

तृप्तीने तार धरली.

“मावशी,” ती म्हणाली, “मी बाबावर नको तो संशय घेतला. तुमच्यावर बी.”