आचाऱ्याच्या एप्रनची खंडेनवमी

खंडेनवमीला घरातल्या विळीपासून मुलाच्या लॅपटॉपपर्यंत सगळ्याला हळदकुंकू वाहून झालं, तरी सुचेताबाईंचे हात शिवशिवतच होते. मग त्या ब्रिस्टलजवळच्या रानातल्या छोट्या म्युझियममध्ये गेल्या. लाकूडतोड्यांच्या जुन्या तळावरचं स्वयंपाकघर तिथं जपून ठेवलं होतं आणि बाई तिथं हौसेनं झाडलोट करायला जात. घरी सून कांदासुद्धा मशीनमध्ये चिरायची. अख्ख्या इंग्लंडात बाईंची वाट बघणारी ती एकच जागा होती.

तळावरचा आचारी म्हणे पहाटे सगळ्यांआधी उठायचा, तळ पोसायचा, आणि जेवताना कुणी बोलायला तोंड उघडलं तर पळी उगारायचा. पिठाच्या पोत्यांचा शिवलेला त्याचा एप्रन खुंटीवर होता. त्याच्यावर शंभर वर्षांचे डाग. कष्टकऱ्याचं हत्यार नवमीला असं ओंगळ राहिलेलं बाईंना बघवेना. त्यांनी तो सोड्यात भिजवला, घासला, खळ घालून कडक इस्त्री केली आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

म्युझियम चालवणारा नकुल जन्मानं वॉटफर्डचा, मराठी मोडकंतोडकं. एप्रन पाहून तो मटकन खालीच बसला.

"काकू, डाग हीच तर एक्झिबिट होता," तो म्हणाला. "फ्रायडेला म्युझियम चेक करायला इन्स्पेक्टर येणार. तिला मी काय दाखवू? टेबलक्लॉथ?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून येऊ नका, एवढंच ऐकायचं बाकी होतं. ते कानावर पडण्याआधीच त्या म्हणाल्या, "डागांचं काय एवढं? रांधलं की पडतात."

इंग्रज माणूस घराला आग लागली तरी आधी समिती नेमतो. डाग पुन्हा पाडायला इथंही नेमली. एका निवृत्त दंतवैद्यानं भिंग लावून जुन्या फोटोवरून डागांचा नकाशा काढला. पोटावर डुकराची चरबी हवी होती. चरबीला आपण हात लावणार नाही, असं बाईंनी बजावलं, तेव्हा बरीच चर्चा होऊन प्रकरण साजूक तुपावर मिटलं.

मग रोज बाई एप्रन बांधून चूल पेटवू लागल्या आणि समिती तळाच्या नियमाप्रमाणे मुकाट आमटी-भात जेवू लागली. आग्रह न करता वाढणं बाईंच्या जिवावर येई. पण बंदी बोलायला होती, पळी उगारायला नव्हती. त्या पळी घेऊन नुसत्या समोर उभ्या राहत आणि माणूस घाबरून ताट पुढे करी.

गुरुवारपर्यंत एप्रन हळदीनं पिवळाधमक झाला. दंतवैद्यानं नकाशा घडी करून खिशात घातला आणि आणखी भात घेतला.

शुक्रवारी इन्स्पेक्टरबाई आली ती ऐन पंगतीत. खुंटी रिकामी बघून तिनं एप्रन कुठे आहे, असं विचारलं. सुचेताबाईंचे हात मागच्या गाठीकडे गेले.

"सोडू नका, काकू," नकुल म्हणाला. "कुकशिवाय मी दाखवू काय? ती विचारते, तुमचा कुक कधीच्या काळातला?"

बाईंनी गाठ उलट घट्ट केली आणि पळी उचलली.

"तिला सांग, जेवताना बोलायचं नाही."

इन्स्पेक्टरबाईनं एकवार पळीकडे पाहिलं, पेन खिशात ठेवलं आणि बाकावर बसून ताट पुढे केलं.