चंचीतला तिसरा कप्पा

कोंडीकाकांच्या डबीत फिटच्या एकसष्ट गोळ्या होत्या. दिवसाला तीन, म्हणजे चौदा दिवसांनंतर चौऱ्याऐंशीतल्या बेचाळीस उरायला हव्या होत्या. मी दोनदा मोजल्या.

"एकोणीस वेळा विसरलात, काका."

"विसरलो नाय गो, नलू. रोज आठवतं."

"कधी?"

"रात्री निजताना."

शेवंताकाकी भाजी निवडत होती. संपाला दीड वर्ष झालं होतं, काकांच्या गिरणीचं फाटक बंदच होतं, आणि काकी पहाटे उठून प्रभादेवीला दोन घरी स्वयंपाकाला जायची. लालबागच्या खोलीत काका दिवसभर एकटे. गेल्या महिन्यात पेटत्या स्टोव्हशेजारी त्यांना फीट आली होती.

"आता एक जरी आली," काकी म्हणाली, "तर कामं सोडते नि ह्यांना गावी नेते."

"आणि गिरणी चालू झाली तर गावात मला कोण सांगणार?"

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन परळच्या एका हॉस्पिटलात मेंदूचे आलेख काढायच्या खोलीत कामाला लागले होते. डॉक्टरांना विचारून काकांच्या डोक्याला तारा लावल्या. आधी एक टिचकी वाजायची, थोड्या वेळाने दिवा लागायचा. दिवा दिसला की बटण दाबायचं. टिचकी ऐकल्यापासून हात हलेपर्यंत आलेखात एक मंद चढ येतो. मेंदू वाट पाहत असतो, त्याचा. चाळीस वेळांची सरासरी काढली. काकांचा चढ ठळक होता. बटण चाळीसही वेळा दाबलं गेलं.

म्हणजे खूण मिळाली की मेंदू तयार होता. खूण नसताना 'दोन वाजले, गोळी' हे आपणहून सुचणं, तिथे अडत होतं. मी गजराचं घड्याळ आणलं आणि सकाळी सातला लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी गजर झाला. काकांनी सदरा चढवला, रिकामा डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरले. शेजारच्या राजारामने त्यांना गिरणीच्या फाटकावरून परत आणलं.

"भोंगा झाला ना, म्हणून..." काका म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले. "सव्वीस वर्षं गो. पायांना संप कोण सांगणार?"

चूक माझी होती. त्या वेळच्या त्या आवाजाला आधीच एक काम बांधलेलं होतं.

"मागावर सुताची कांडी बदलायला कधी विसरलात?" मी विचारलं.

"सूत संपलं की माग आपणच थांबतो. घड्याळ कोण बघतं तिथे?"

"आणि तंबाखू बरी नाही विसरत!" काकी आतून म्हणाली. "चहा झाला, काढ चंची. जेवण झालं, काढ चंची. रात्री पुन्हा तेच."

तीन वेळा.

मी चंची मागून घेतली. एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुन्याची डबी. तिसरा सुपारीचा, दात हलायला लागल्यापासून रिकामा. त्यात मी चौऱ्याऐंशी गोळ्या कागदी पुड्या बांधून ठेवल्या.

"तंबाखूचा वास लागेल गोळीला," काका कुरकुरले.

"मग तर तुम्ही मागून घ्याल," काकी म्हणाली.

अठ्ठावीस दिवसांनी मी तो कप्पा जमिनीवर उलटा केला. उरलेल्या गोळ्या: दोन. फीट: शून्य.